खुर्चीतल्या माणसाने मान हलवायची नाही

माझी पहिली कथा मी नऊ वर्षांची असताना रचली, आणि ती तोंडी होती. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला ते उंच खुर्चीत बसवत, नाकावर जड गोल फ्रेम ठेवत, तिच्यात एकेक काच सरकवत आणि विचारत, "हे बरं, की हे?" तेव्हा ते समोरच्या माणसाकडे इतकं लक्ष देऊन बघत की मला हेवा वाटायचा. घरी आम्हा भावंडांकडे असं कुणी बघत नसे. म्हणून एक दिवस मी ठोकून दिलं की फळा दिसत नाही. खुर्चीत बसले, भिंतीवरची अक्षरं मुद्दाम चुकवली, 'हे बरं, की हे'ला मनाला येईल ते उत्तर दिलं आणि निळ्या फ्रेमचा चष्मा पदरात पाडून घेतला. दोन वर्षं मिरवला. कंटाळा आला तेव्हा म्हटलं, आता दिसतं. बाबा म्हणाले, "छान झालं," आणि चष्मा खणात टाकला. साऱ्या गावाचे डोळे तपासणाऱ्या माणसाला मी फसवलं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. धाकट्या भावाला नाही, लग्नानंतर नवऱ्यालाही नाही.

पुढे नोकरी लागली ती नेमकी उलटी. विमा कंपनीत मी दावे तपासते. गाडी कशी ठोकली, आग कुठून लागली, हे लोक लिहून देतात आणि ते खरं की खोटं हे मी ठरवते. बावीस वर्षांत एक गोष्ट शिकले. खोटं नेहमी नीट बसवलेलं असतं, खऱ्याचा मात्र कुठेतरी एक कोपरा बाहेर राहतो. आग लागली तेव्हा काय करत होतात असं विचारलं, की खोटा माणूस म्हणतो, झोपलो होतो. खरा म्हणतो, बादलीला दोरी बांधत होतो, आणि का बांधत होता ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

दिवसभर दुसऱ्यांच्या हकिगती वाचून मी घरी येऊन स्वतःच्या लिहीत असे. दाखवायला नवरा होता. तो वाचून म्हणायचा, "छान आहे." आमटीलाही तो हेच म्हणतो, आणि मीठ विसरलेल्या आमटीलाही. शेवटी मी वाचनालयाच्या फळ्यावर कागद लावला: 'लिहिता? खरं मत देणारं कुणी नाही? मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मागच्या बाकावर या.' नाव घातलं नाही, कारण कुणीच आलं नाही तर फजिती निनावी राहावी.

तिघं आले. एक भूगोलाचे निवृत्त सर. आयुष्यात दोनदा बाहेरगावी गेलेले आणि लिहितात प्रवासवर्णनं, तीही समुद्रापलीकडची. दुसरी तपासणी-केंद्रात लोकांचं रक्त काढणारी बाई. तिला आम्ही रक्तवाली म्हणतो, तिची हरकत नाही. ती खुनाच्या कथा लिहिते, पण तिच्या खुनांत रक्ताचा थेंब सांडत नाही. म्हणते, घरी आल्यावर तरी नको. तिसरा सलूनवाला, आमचे दादा. त्यांच्या कथांत गिऱ्हाइकंच असतात, फक्त केस बदललेली.

बाकावर आम्ही कुजबुजून भांडलो. ग्रंथपालांनी दुसऱ्याच मंगळवारी बाहेरचा रस्ता दाखवला. दादा म्हणाले, मंगळवारी माझं दुकान बंदच असतं, तिथे या. तिथे भांडण मोकळ्या आवाजात सुरू झालं, एवढाच फरक पडला. ज्याचं लिखाण असे तो प्रत्येक वाक्याला वकील होऊन उभा राहायचा. रक्तवालीने सरांना विचारलं, "त्या बंदराला कसला वास येतो ते लिहिलंच नाहीत, गेला होतात ना?" सर तडक चपला घालून निघाले. मी स्वतः काही कमी नव्हते. माझ्या कथेला दादा लांबट म्हणाले, तर मी त्यांना आठवडाभर दाद दिली नाही.

शेवटी तोडगा दादांनीच काढला. दुकानात आरशासमोर तीन फिरत्या खुर्च्या आहेत. मधल्या खुर्चीवर थाप मारून ते म्हणाले, "इथे बसलेला माणूस मान हलवत नाही, म्हणून त्याचे कान जागेवर राहतात. ज्याचं लिखाण, तो इथे. तोंड आरशाकडे, पाठ आपल्याकडे. वाचणार दुसरंच कुणीतरी. चहा येईपर्यंत खुर्चीतल्याने एक अक्षर बोलायचं नाही." पहिल्या दिवशी तर त्यांनी सरांच्या गळ्याला केस कापायचा कपडाही गुंडाळला. सर म्हणाले, नको, जीव घाबरतो.

दुसरा नियम मी घातला. हे खरं घडलं का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. कागदावर आहे तेवढ्यावर बोलायचं. दिवसभर तोच प्रश्न विचारून माझं डोकं उठलेलं असायचं, तो इथे तरी नको होता. आणि तिसरा नियम असा की नियम मोडेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. या तीन नियमांवर आमचं गाडं रुळावर आलं. आरशाचा फायदा मागाहून कळला. खुर्चीतल्याला वाटतं आपली फक्त पाठ दिसते आहे, पण समोर सबंध चेहरा उघडा असतो. सरांना बोललेलं लागलं की त्यांच्या भुवया आधी वर जातात, हे मी तिथेच शिकले.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी दार ढकलून आणखी एकजण आला. हातात गुंडाळलेले कागद. "वाचनालयात कागद पाहिला. तिथे म्हणाले, मंडळ आता इथे भरतं," तो म्हणाला. दादांनी काय करता विचारलं तर म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करतो." मग त्याची नजर माझ्यावर पडली. तो माझा धाकटा होता. सख्खा.

आम्ही चार वर्षं बोललो नव्हतो. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी इथे होते, गावापासून एका रात्रीच्या अंतरावर. ये म्हणून धाकट्याचे तीन फोन आले. मी सांगितलं, साहेब रजा देत नाहीत. तिसऱ्या फोननंतर बाबा गेले, आणि चौथ्या फोनवर तो एवढंच म्हणाला, "आता मागू नकोस रजा." दुकान बंद झालं, तो नोकरीसाठी याच शहरात आला, हे सगळं मला मावशीकडून कळत होतं. फोन करायला त्याचा नंबरही होता. केला नाही.

"बसा ना," रक्तवाली त्याला म्हणाली. तो बसला. मी उठून घरी जाऊ शकले असते, पण मंडळ मी काढलेलं. नियम समजावून सांगायचं कामही माझंच. मी ते त्याला अहो-जाहो करून सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." जो पोरगा माझ्या वेण्या ओढत मोठा झाला तो मला तुम्ही म्हणाला, आणि बाकीच्या तिघांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो मधल्या खुर्चीत बसला. कथा रक्तवालीने वाचली. एक म्हातारा घड्याळजी हॉस्पिटलात आहे. मुलगा रात्रंदिवस उशाशी आहे. मुलगी लांबच्या शहरात नोकरी करते आणि येत नाही. चष्मेवाल्याचा घड्याळजी केला होता, तेवढं सोडलं तर कापड आमच्याच घरचं. मुलगी मात्र मला अनोळखी होती. ती फोनवर बोलताना नखं रंगवत होती आणि फोन ठेवून हसत होती. मी जन्मात नखं रंगवलेली नाहीत.

"ही बाई फारच वाईट आहे," सर म्हणाले. "छत्तीस वर्षं पोरं शिकवली, इतकं वाईट कुणी भेटलं नाही."

"तिची बाजूच नाही आली," रक्तवाली म्हणाली. "ती का येत नाही?"

"नखं काढा," दादा म्हणाले. "नखं पाहिली की लेखकाचा राग दिसतो, बाई दिसत नाही."

माझ्याच चारित्र्यावर माझ्यासमोर चर्चा चालली होती आणि माझं त्यावर मत होतं, पण ते देता येत नव्हतं. माझी पाळी आली. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, चार वर्षं दुसरं काही नकोच होतं. बाबांनी माझी आठवण काढली का? रागावून गेले का माझ्यावर? पण खरं काय घडलं हे विचारायची बंदी मीच घातलेली, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मग ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, "शेवटच्या संध्याकाळी वडील मुलाशी काय बोलले, ते यात नाही. मुलीबद्दल काही बोलले का, तेही नाही. वाचकाला ते हवं आहे."

आरशात धाकट्याचा जबडा हलला. मान हलली नाही.

पंधरा दिवसांनी त्याने नवा खर्डा आणला. नखं गेली होती. शेवटी दोन परिच्छेद वाढले होते. सर वाचत होते, आणि त्यांच्या वर्गातल्या आवाजात घड्याळजी म्हणाला, "माझी पोर कामात असेल. तिला माझे आशीर्वाद सांग. म्हणावं, तू सुखी राहा, माझं मन तुझ्यापाशी आहे." मी आरशात बघायचं टाळून फरशीवर एक केस पडला होता तो बघत बसले. केस बघून होईपर्यंत माझ्यातली दावे तपासणारी बाई जागी झाली. सगळं कसं नीट बसवलेलं होतं. एकही कोपरा बाहेर नव्हता.

"आधीच्या सहा पानांत हा गृहस्थ कुणाशी दोन वाक्यं धड बोलत नाही," वाचून होताच सर म्हणाले. "आणि मरताना भाषण?"

"मरताना माणसं असं बोलत नाहीत हो," रक्तवाली म्हणाली. "मी जाते ना रक्त घ्यायला खाटेशी. पाणी मागतात, नाहीतर भलतंच काहीतरी बोलतात."

मलाही तेच म्हणायचं होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. ते शब्द बाबांचे नव्हते. मी मागितले म्हणून धाकट्याने बनवून दिले होते. बनवावे लागले, याचा अर्थ बाबा माझ्याबद्दल काहीच बोलले नसतील. किंवा जे बोलले ते कथेत घालण्यासारखं नसेल. त्या आठवड्यात ऑफिसात मी एका माणसाचा दावा दोनदा वाचून दोन वेगळे शेरे लिहिले. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, एका कथेचा शेवट जमत नाही. तो म्हणाला, "कुणाच्या?" पहिल्यांदाच त्याने छान आहे सोडून काही विचारलं, आणि मी आमटी ढवळायला उठले. फोन तीनदा हातात घेतला. फोनवर काय विचारणार होते? बाबांनी मला शिव्या दिल्या का?

तिसरा खर्डा त्याने जवळजवळ महिन्याने आणला. या वेळी वाचायला दादा बसले. ते सावकाश वाचतात, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. आता मुलगी चांगली नव्हती, वाईटही नव्हती. फोनवर ती म्हणते, रजा मिळत नाही, आणि मग बराच वेळ फोन ठेवत नाही. ते त्याच्या लक्षात होतं, हे मला ठाऊक नव्हतं. भाषण गेलं होतं. शेवटच्या संध्याकाळी घड्याळजी पाणी मागतो. मुलगा चमच्याने पाजतो. घड्याळजी खिडकीकडे बघतो आणि म्हणतो, "तिच्या चष्म्याच्या काचा साध्याच होत्या." मग डोळे मिटतो.

दादांनी कागद खाली ठेवले.

"छान उतरलंय," सर म्हणाले, आणि सर असं महिन्यातून एकदा म्हणतात. "फक्त ती काचांची ओळ कळली नाही."

"मलाही," रक्तवाली म्हणाली. "सबंध कथेत कुणाला चष्माच नाही. घड्याळजी चष्म्याबद्दल का बोलेल?"

"कुठल्यातरी दुसऱ्या कथेतून आली असेल," दादा म्हणाले. "ही ओळ कापली की शेवट साफ होतो. काय, सगळ्यांचं एकमत?"

सरांनी हात वर केला, रक्तवालीने केला, दादांनी केला. आरशात धाकट्याचा चेहरा अगदी कोरा होता. त्याच्या मांडीवर त्याची प्रत होती. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्या ओळीवर टेकवलं.

"थांबा," मी म्हटलं. "ती ओळ काढायची नाही. ती ओळ खरी आहे."

तिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. दादा हळूच म्हणाले, "बाई, खरं-खोटं नाही बोलायचं. नियम तुमचाच."

"ठाऊक आहे. कप मी धुते."

मधली खुर्ची करकरली. आमच्या मंडळात चहा येण्याआधी ती खुर्ची कधी फिरलेली नव्हती. धाकटा पूर्ण वळून माझ्यासमोर आला, पेन हातात तसंच. "ताई," तो म्हणाला, "म्हणजे काय गं ते? चार वर्षं मी विचार करतोय. तुला चष्मा होता ना लहानपणी, नंबरचा होता ना?"

रक्तवालीने सरांकडे पाहिलं, सरांनी दादांकडे. दादा उठले. "दोघांनी नियम मोडला," ते म्हणाले, "तर दोघांनी धुवायचे. आम्ही कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. इथले कप कालपासून पडलेत." तिघं निघून गेले. जाताना सरांनी दार इतकं हळू लावलं की ते नीट लागलंच नाही.

दुकानाच्या मागच्या बाजूला नळ आहे आणि उभं राहायला दीड माणसाची जागा. मी धुवायला लागले, तो पुसायला. तिथे मी त्याला माझी पहिली कथा सांगितली. फळा, चुकवलेली अक्षरं, हे बरं की हे. त्याला आधी हसू आलं.

"म्हणजे बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "आणि साध्या काचा बसवून दिल्या."

"हो. आणि दोन वर्षं मला एका शब्दाने कळू दिलं नाही."

पाणी नुसतंच वाहत होतं. मी नळ बंद केला. पुढचं बोलायला मला चार वर्षं जमलं नव्हतं. "मला रजा मिळाली होती," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्यांना तसं बघायची भीती वाटली म्हणून मी आले नाही."

तो एकच कप पुसत राहिला. कप कधीचा कोरडा झाला होता. तो ओरडेल, कप आपटेल, निघून जाईल, असं मला वाटलं. त्यातलं काहीही केलं असतं तरी मला चाललं असतं.

"त्यांना तेही ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्या ओळीच्या आधी अजून एक ओळ होती. मी लिहिली नाही."

"कोणती?"

"'तिला काही बोलू नकोस.'" त्याने कप खाली ठेवला. "त्यांनी दोनदा सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी तुला फोनवर ते रजेचं बोललो. मग ती ओळ कुठल्या तोंडाने लिहिणार?"

बाहेर दार वाजलं. दादांचा आवाज आला, येऊ का म्हणून विचारत होते. मी डोळे पदराला पुसले, हात ओलेच होते.

"तीही घाल," मी म्हटलं. "त्याशिवाय पुढची कळत नाही."

त्याने हो म्हणून मान हलवली. मग आम्ही उरलेले तीन कप धुतले.